बटणाची पाठ आधी पाहा

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं जुनं फौजी बटण हातात आलं की बहुतेकांचा अंगठा त्याच्या पुढच्या बाजूवरून फिरतो. मुकुट, सिंह, बिगूल, पलटणीचा आकडा असं डोळ्यांत भरणारं सगळं तिथेच असतं. विकणाराही तीच बाजू वर करून मांडतो आणि ‘ब्रिटिश जमान्याचं आहे साहेब’ एवढ्यावर भाव सांगतो. ब्रिटिश जमाना म्हणजे कधीचा? कंपनी सरकारचा की दुसऱ्या महायुद्धाचा? मधे दीडशे वर्षं पडली आहेत. बटण किमतीला आणि इतिहासाला किती मोलाचं, ते याच उत्तरावर ठरतं. त्यासाठी बटण आधी पालथं करा.

पाठीवर, कडीच्या भोवती, बहुतेक वेळा गोलाकार ओळीत बारीक अक्षरं कोरलेली किंवा उठवलेली असतात. कारखानदाराचं नाव, गाव, कधी रस्ता आणि घर क्रमांक, कधी मालाच्या प्रतीची फुशारकी. बर्मिंगहॅम हे या धंद्याचं माहेरघर आणि लंडन त्याची पेढी. ब्रिटिश फौजेची आणि हिंदुस्थानी पलटणींची बहुतांश धातूची बटणं या दोन शहरांतल्या मोजक्या घरांतून आली. त्यामुळे काही नावं सारखी समोर येतील: फर्मिन, जेनन्स, स्मिथ अँड राइट, हॅमंड टर्नर, गाँट. नाव वाचता आलं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. फर्मिन घराणं आपली सुरुवात सतराव्या शतकातली सांगतं आणि त्या नावाने आजही बटणं बनतात. नुसत्या ‘फर्मिन, लंडन’वरून साल काढणं म्हणूनच अशक्य. काळ कळतो तो नावात झालेल्या बदलांवरून. भागीदार आला, मुलगे धंद्यात आले, कंपनी ‘लिमिटेड’ झाली, दुकान हललं, की ठसा बदलला. आपण शोधायचा तो हा बदल.

आणि शोधून हाती साल येत नाही, कालखंड येतो. एक हद्द ‘याच्या आधीचं नाही’ अशी आणि दुसरी ‘याच्या नंतरचं नाही’ अशी. पाठ एक कालखंड देते, घडण दुसरा, पुढचं चिन्ह तिसरा. तिघांचा जो भाग एकमेकांवर पडतो तेवढाच तुमचा. तिघं एकमेकांवर पडतच नसतील, तर बटणात खोट आहे किंवा तुमच्या वाचनात.

अक्षरं वाचायची कशी

सराफाचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. उजेड वरून टाकला तर चकचकाट होतो आणि अक्षरं हरवतात. टॉर्च बटणाच्या पातळीत, बाजूने धरा आणि बटण हळूहळू फिरवा. एका कोनात ‘अँड’ दिसेल, दुसऱ्यात ‘सन्स’. चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढले तर डोळ्यांना न दिसलेलं अक्षर पडद्यावर मोठं करून सापडतं. कोरीव ठसा फारच झिजला असेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवायची जुनी रीत अजून चालते. मात्र कडी मधे येते, म्हणून कागदाला तिथे भोक पाडून घ्या.

अक्षरांत माती बसली असेल तर टूथपिकने काढा, सुईने नाही. सुईचा एक ओरखडा आणि ‘सन’चा ‘सन्स’ होतो. विनोद वाटेल, पण धातूवरचा ओरखडा आणि अक्षराची रेघ यांत फरक करणं भिंगाखालीसुद्धा अवघड जातं.

वाचलेलं जसंच्या तसं उतरवून घ्या. ‘आणि’साठी चिन्ह आहे की शब्द, ‘कंपनी’ पूर्ण आहे की दोन अक्षरांत, टिंबं कुठे आहेत, मधे तारे किंवा ठिपक्यांची रांग आहे का, अक्षरं उठावाची की खोलगट. आज क्षुल्लक वाटणारा ठिपका उद्या संदर्भग्रंथातल्या दोन ठशांमधला निवाडा करतो. हॉवर्ड रिपले यांचं १८५५ ते १९७० या काळातल्या ब्रिटिश लष्करी बटणांवरचं पुस्तक संग्राहक हाताशी ठेवतात. तसं पुस्तक उघडाल तेव्हा तुमची नोंद नेमकी असली तरच त्याचा उपयोग.

नावातले बदल

सगळ्यात सोपी खूण ‘लिमिटेड’ची. इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा १८५५ मध्ये झाला. त्याआधी कोणत्याही इंग्रजी बटणावर हा शब्द असूच शकत नाही. म्हणून १८५५ च्या आधीचं म्हणून दाखवलेल्या बटणाच्या पाठीवर ‘लि.’ दिसलं तर फार बोलायचं कारण उरत नाही. ‘अँड सन्स’ या जोडणीचंही असंच. तीच पेढी आधी एकट्याच्या नावाने, मग भागीदारासह, मग मुलांसह दिसते. ‘फर्मिन अँड वेस्टॉल’ ही जोडी अठराव्या शतकाच्या शेवटची आणि एकोणिसाव्याच्या आरंभीची. तो ठसा असलेलं बटण म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं. त्याच घराचा ‘सन्स’वाला ठसा बराच नंतरचा, आणि ‘लिमिटेड’ त्याहून पुढचा.

‘बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम’ हा ठसा हिंदुस्थानात भरपूर सापडतो आणि तो फार कामाचा आहे. बर्मिंगहॅमच्या अनेक जुन्या बटण कारखान्यांनी १९०७ मध्ये एकत्र येऊन ही कंपनी काढली. म्हणजे तिचा ठसा असलेलं कोणतंही बटण १९०७ च्या आधीचं नाही, पुढची बाजू काहीही म्हणो. गाँट कंपनीचं नाव विसाव्या शतकाच्या बिल्ल्यांवर आणि बटणांवर इतकं पसरलेलं आहे की नुसतं ते नाव फारसं काही सांगत नाही. १९७३ मध्ये ही कंपनी बर्मिंगहॅमच्या टांकसाळीने विकत घेतली. नक्कल करणाऱ्यांचंही ते आवडतं नाव, त्याबद्दल पुढे येईलच.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गरुडाची बटणं मिळतात. नावाच्या बदलांवरून काळ कसा काढायचा हे शिकायला त्यांच्याइतका चांगला धडा नाही. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावच्या स्कोव्हिल कारखान्याचे ठसे असे चालत येतात: १८११ ते १८२७ ‘लेव्हनवर्थ, हेडन अँड स्कोव्हिल’, १८२७ ते १८४० ‘जे. एम. एल. अँड डब्ल्यू. एच. स्कोव्हिल’, १८४० ते १८५० ‘स्कोव्हिल्स अँड कंपनी’, आणि १८५० पासून ‘स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. पहिल्या तीन ठशांना दोन्ही हद्दी आहेत. चौथ्याला मात्र अलीकडची हद्द नाही म्हटलं तरी चालेल, कारण तो पुढे शंभरहून जास्त वर्षं चालला. तिथे बटणाच्या पुढच्या बाजूकडे वळावं लागतं. अमेरिकी यादवी युद्धातलं म्हणून विकलं जाणारं गरुडाचं बटण राजमुद्रेतल्या नव्या धाटणीच्या गरुडाचं असेल तर ते १९०२ नंतरचं. यादवी तेव्हा संपून सदतीस वर्षं झाली होती.

शिंप्याचं नाव, कारखानदाराचं नव्हे

अधिकाऱ्यांचा गणवेश सरकार शिवून देत नसे. तो साहेब स्वतःच्या खर्चाने शिवून घेई, आणि शिंपी बटणांवर स्वतःचं नाव घालून घेत. त्यामुळे पाठीवर लंडनच्या हॉक्स कंपनीचं किंवा कलकत्त्याच्या रँकेन कंपनीचं नाव असेल तर तो बहुधा दुकानदार. बटण ठोकलं गेलं ते बर्मिंगहॅमच्याच एखाद्या शेडमध्ये. म्हणून ‘कलकत्ता’ वाचून ते कलकत्त्यात बनलं असं लिहू नका. तसंच ‘लंडन’चंही.

शिंप्याचं नाव काळ ठरवायला कारखानदाराच्या नावाहून जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे, कारण दुकानं हलतात आणि पत्ते बदलतात. हॉक्स १९१२ च्या सुमारास सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या एक नंबरच्या घरात गेले. गीव्ह्ज ही दुसरी शिंप्यांची पेढी आणि हॉक्स एकत्र आले १९७४ मध्ये. म्हणजे ‘गीव्ह्ज अँड हॉक्स’ असं जोडनाव पाठीवर असलेलं बटण ‘आजोबांच्या पहिल्या महायुद्धातल्या कोटाचं’ नाही.

आपल्याकडे खास लक्ष द्यावं असं नाव ‘आर्मी अँड नेव्ही’. लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून १८७१ मध्ये लंडनला ही सहकारी संस्था काढली. १८९१ मध्ये तिचं दुकान मुंबईत आलं. काळा घोड्याजवळ महात्मा गांधी रस्त्यावरची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग तिच्याच नावाची. तिच्या बटणांवर नावापुढे सहकारी संस्था लिमिटेड या अर्थाची तीन आद्याक्षरं दिसतात. संस्थेचं नाव १९३४ मध्ये ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ झालं. म्हणजे ती तीन अक्षरं असलेलं बटण ढोबळमानाने १८७१ ते १९३४ मधलं. कालखंड मोठा आहे, पण दोन्ही बाजूंनी बांधलेला.

प्रतीची फुशारकी

काही पाठींवर नाव नसतंच. असतं ते ‘ट्रेबल गिल्ट’, ‘बेस्ट क्वालिटी’, ‘एक्स्ट्रा रिच’ असं काहीतरी. ही निव्वळ जाहिरात नव्हती. सोन्याचा मुलामा म्हणून पिवळ्या रंगाची फसवणूक इतकी वाढली की ब्रिटिश पार्लमेंटने १७९६ मध्ये बटणांसाठी वेगळा कायदा केला. एक इंच व्यासाच्या बारा डझन बटणांना मिळून निदान पाच ग्रेन सोनं लावलं तरच त्यावर ‘गिल्ट’ म्हणता येईल असं ठरलं. पाच ग्रेन म्हणजे आजच्या हिशेबात साधारण एक तृतीयांश ग्रॅम, तेही १४४ बटणांत वाटून! मुलाम्याचं बटण वितळवून सोनं निघेल म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हा आकडा सांगा. ‘डबल’, ‘ट्रेबल’ म्हणजे त्याहून जाड मुलामा. असे शब्द पाहिले की एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध आधी मनात आणावा. मात्र पक्की हद्द म्हणून ते वापरू नयेत, कारण ‘क्वालिटी’ची भाषा पुढेही चालू राहिली.

‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द याच्या उलट टोकाचे. परदेशी मालावर देशाचं नाव हवं असा आग्रह १८८७ चा ब्रिटिश कायदा आणि १८९० चा अमेरिकी जकात कायदा यांनंतर वाढला. बटणाच्या पाठीवर ते दिसले तर विसावं शतक धरून चालायला हरकत नाही.

घडण

ठसा नसलेली बटणंही खूप असतात. मग घडण बोलते. अठराव्या शतकातल्या शिपायाचं बटण एकसंध ओतलेलं, कथलाच्या मिश्रधातूचं, राखाडी, सपाट आणि नखाने ओरखडा उठेल असं मऊ. अधिकाऱ्याच्या बटणाला हाडाचा किंवा लाकडाचा तळ, त्यावर चांदीचा किंवा मुलाम्याचा पातळ पत्रा आणि मागे तातीचे फास. ब्रिटिश फौजेत पलटणीचा क्रमांक बटणावर घालायचा हुकूम १७६७ चा. शिपायांची कथलाची बटणं जाऊन पितळेची आली १८५५ मध्ये.

या दोन सालांच्या मधे एक मोठा बदल झाला. बर्मिंगहॅमच्या बेंजामिन सँडर्सने १८१३ मध्ये दोन पत्र्यांच्या बटणाचं पेटंट घेतलं. पुढचा फुगीर पत्रा मागच्या पत्र्यावर कडेने मुडपून बसवायचा, मधे पोकळी. आज आपण ज्याला फौजी बटण म्हणून ओळखतो ते हेच. कड नखाने चाचपून पाहा. मुडपलेली शिवण लागली आणि पाठही पत्र्याची असली तर बटण १८१३ नंतरचं.

लोहचुंबक जवळ ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. पाठ चिकटली आणि पुढचा भाग चिकटला नाही, तर मागचा पत्रा लोखंडी आहे. यात खोटं काही नाही, स्वस्त माल असा असे. आणि तळहातावर ठेवल्यावर वजनच जाणवत नाही, रंग मात्र सोन्यासारखा झळझळीत, असं बटण रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमचं. ही १९५० च्या दशकातली सोय. तिला पॉलिश लागत नाही, आणि म्हणून ती कधी झिजलेलीही दिसत नाही.

आकार मोजताना मिलिमीटर लिहा, पण बटणवाल्यांचं जुनं माप ‘लाइन’ आहे हेही माहीत असू द्या. चाळीस लाइन म्हणजे एक इंच. यादीत ‘३० लाइन’ दिसलं तर ते १९ मिलिमीटरचं बटण.

कडीकडे बघायला विसरू नका. उष्ण देशातले पांढरे आणि खाकी सुती कोट धोब्याकडे जात, आणि दगडावर आपटताना बटणं टिकली नसती. म्हणून कापडाला गोल छिद्र, त्यातून बटणाची कडी मागे काढायची आणि मागून तारेची चुटकी रिंग अडकवायची. धुण्याआधी सगळी बटणं सुटी. अशा रिंगेने कडीचा आतला भाग घासून पातळ झालेला असतो. तशी झीज दिसली तर बटण खरोखर अंगावर राहिलं आहे असं मानायला जागा आहे.

आता पुढची बाजू

मुकुटाचा आकार लक्षात ठेवायला दोन मिनिटं लागतात आणि आयुष्यभर पुरतो. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी मधे उचललेल्या, घुमटासारख्या. १९५३ पासून एलिझाबेथचा मुकुट पुन्हा मधे दबलेला. घोटाळा इथेच होतो. व्हिक्टोरियाचं म्हणून एलिझाबेथचं बटण गळ्यात मारलं जातं आणि आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. उत्तर पाठीवर किंवा धातूत असतं. आपल्या सैन्याने २६ जानेवारी १९५० ला मुकुट उतरवून अशोकस्तंभाचे सिंह घेतले. एलिझाबेथचा मुकुट असलेलं बटण हिंदुस्थानी फौजेचं असूच शकत नाही.

मुकुटाखाली गुंफलेली अक्षरं असतील तर तीही वाचा. व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी १८७६ च्या कायद्याने घेतली आणि १ जानेवारी १८७७ ला तिची द्वाही फिरली. त्यानंतर इकडच्या चिन्हांत शेवटी ‘आय’ हे अक्षर जोडलेलं दिसतं. व्ही-आर-आय म्हणजे १८७७ ते १९०१, ई-आर-आय म्हणजे १९०१ ते १९१०, जी-आर-आय म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. पूर्ण राजचिन्ह कोरलेलं असेल तर ढालीत फ्रान्सची लिलीची फुलं आहेत का पाहा. ती १८०१ मध्ये गेली. ढालीच्या मध्यावर हॅनोव्हरची छोटी ढाल आहे का? ती व्हिक्टोरिया गादीवर आल्यावर, १८३७ मध्ये गेली.

राजचिन्हाचीच बटणं खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर अशा छावणीच्या गावांत सगळ्यात जास्त मिळतात. १८७१ मध्ये ब्रिटिश पायदळाच्या साध्या शिपायांची पलटणनिहाय बटणं बंद करून सगळ्यांना सिंह आणि युनिकॉर्नचं एकच बटण दिलं गेलं. त्यावर पलटण नाही, आकडा नाही. पुढून ते जवळजवळ मुकं. इथे पाठीवरच्या ठशाशिवाय इलाज नाही. त्याच बटणावर व्हिक्टोरियाचा मुकुट आणि मागे ‘बटन्स लिमिटेड’ असेल तर? राणी १९०१ ला गेली, कंपनी १९०७ ला आली. म्हणजे जुन्या साच्यावर नंतर ठोकलेला माल.

मराठी घरात जपून ठेवलेल्या बटणांवर बहुधा आकडा असतो, आणि आकड्यांचा एक गुंता समजून घ्यायलाच हवा. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने हिंदुस्थानी फौजेचे क्रमांक नव्याने लावले तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. १९२२ मध्ये या मराठा पलटणी एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि तीन अंकी आकडे संपले. १९४५ मध्ये तो पाचाचा आकडाही गळाला.

आता समजा, हातात बिगूल आणि १०५ असं बटण आलं. लाइट इन्फन्ट्रीची खूण बिगूल, आकडा १०५, म्हणजे १०५ वी मराठा, कालखंड १९०३ ते १९२२. इतकं सरळ वाटतं. पण १८६२ ते १८८१ या काळात ब्रिटिश फौजेतही १०५ वी पलटण होती, मद्रास लाइट इन्फन्ट्री. तीही लाइट इन्फन्ट्री, तिचीही खूण बिगूल, आणि तीही हिंदुस्थानातच उभी राहिलेली. १०३ चं तसंच: १८६२ ते १८८१ रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स, १९०३ नंतर मराठा. पहिल्या दोघी गोऱ्यांच्या पलटणी, दुसऱ्या दोघी साताऱ्या-रत्नागिरीकडच्या पोरांच्या. मुकुट असेल तर तो निकाल देतो. नसेल तर पाठ. ‘बटन्स लिमिटेड’ असलं की प्रश्न मिटला, ते मराठा पलटणीचं. आर्मी अँड नेव्हीची तीन अक्षरं असतील तर मात्र मिटत नाही, कारण ती संस्था १८७१ ते १८८१ या दहा वर्षांतही होती. तेव्हा वहीत दोन्ही शक्यता लिहायच्या आणि थांबायचं. हे थांबणं संग्राहकांना जड जातं.

१११ चा आकडा कोणी दाखवला तर दुप्पट सावध व्हा. मुंबईची ११ वी पलटण १८८२ मध्येच मोडली होती, म्हणून १९०३ मध्ये तो आकडा रिकामा राहिला. १९१७ मध्ये उभारलेल्या १११ व्या महार पलटणीला तो मिळाला आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडली. कालखंड चार वर्षांचा, आणि आजची भावनिक मागणी प्रचंड. असल्या जागी नकला जन्माला येतात.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. त्या आकड्याचं बटण घरात आहे म्हणून पणजोबा कुतला होते असं ठरत नाही. बटणावरून पलटण कळते. माणूस शोधायचा तर पेन्शनचे कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव-नंबर यांच्याकडे जावं लागेल.

बरीच ‘फौजी’ बटणं फौजी नसतातच. रेल्वे, पोलीस, कस्टम, पोर्ट ट्रस्ट, संस्थानिकांचे चोपदार, सगळ्यांच्या कोटांना याच बर्मिंगहॅमच्या घरांची बटणं असत. जी. आय. पी. रेल्वेचं बटण १९५१ पर्यंतचं, कारण त्या वर्षी ती मध्य रेल्वेत गेली. पण त्याच रेल्वेच्या नोकरांची स्वयंसेवक पलटणही होती, तेव्हा आद्याक्षरांबरोबर ‘व्हॉलंटिअर्स’ असेल तर ते लष्करीच. त्या स्वयंसेवक पलटणींचं १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स झालं आणि १९२० मध्ये ऑक्झिलिअरी फोर्स. म्हणून ‘व्हॉलंटिअर्स’ शब्दाची अलीकडची हद्द १९१७.

नकला

दोन प्रकारच्या. एक, खऱ्या जुन्या साच्यावर नव्याने ठोकलेली. ही धातू, वजन, ठसा सगळ्यांत इतकी जवळ असतात की विसंगती शोधावी लागते: मुकुट एका काळाचा, कंपनी दुसऱ्या काळाची. दोन, खऱ्या बटणावरून साचा घेऊन ओतलेली. ही ओळखता येतात. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्निअर कॅलिपर घ्या. भिंगाखाली अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे. आणि पाठीवर हमखास एखादं मोठं नाव. ‘जे. आर. गाँट, लंडन’ असा ठसा मारलेले नवे बिल्ले बाजारात इतके आले आहेत की तो ठसा पाहून आनंद होण्याऐवजी मला शंका येते.

झीज बघा. शिपाई बटणाखाली पितळी पट्टी सरकवून रोज पुढची बाजू घासायचा. त्यामुळे खऱ्या वापरातल्या बटणाची पुढची बाजू गुळगुळीत आणि पाठ तुलनेने तीक्ष्ण असते. दोन्ही बाजू सारख्याच झिजलेल्या, सारख्याच काळवंडलेल्या असतील तर ते काम आम्लाचं किंवा शेणामातीत पुरून ठेवण्याचं असू शकतं.

घासू नका

घरी आल्यावर पहिला मोह चिंचेचा, लिंबाचा किंवा पीतांबरीचा होतो. देवाच्या तांब्यासाठी ते उत्तम आहे. मुलाम्याच्या बटणावरचं सोनं मात्र किती पातळ असतं ते वर सांगितलंच. एका घासण्यात ते जातं आणि पाठीवरची अक्षरंही त्याच्याबरोबर बुजतात. शुद्ध पाणी, लहान मुलाचा मऊ टूथब्रश, लगेच मऊ कापडाने टिपणं आणि पूर्ण वाळवणं. हिरवा कळंक पूड होऊन सुटत असेल तरच टूथपिकने काढा. घट्ट बसलेला काळा-तपकिरी थर राहू द्या, तो धातूचं रक्षण करतो.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यांतून निघणारा आम्लाचा अंश तांब्या-पितळेवर हिरवा चिकटा आणतो. शिशाचा अंश असलेल्या जुन्या बटणांना नव्या लाकडी कपाटाचाही त्रास होतो, पांढरी पूड धरते. आम्लरहित कागद आणि पॉलिइथिलिनची छोटी पिशवी पुरे. आपल्या पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी हवीच, आणि ती महिन्यातून एकदा बदलायची.

प्रत्येक बटणासोबत चिठ्ठी ठेवा: कुठे मिळालं, कोणाकडून, व्यास, वजन, चुंबकाला चिकटतं की नाही, पाठीवरचा मजकूर अक्षरशः, आणि तुम्ही काढलेल्या दोन हद्दी कारणांसकट. कारण लिहिलं नाही तर पाच वर्षांनी तुमचाच आकडा तुम्हाला पटणार नाही. कुठे अडलात तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातलं संग्रहालय पाहून या. नेमका नमुना डोळ्यांसमोर ठेवून तुलना करण्यासारखं दुसरं काही नाही.

परदेशातल्या भावंडांना आजोबांचं बटण पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर त्याआधी त्याचं वय काढाच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १०३ किंवा ११० आकड्याचं मराठा पलटणीचं बटण आता त्या हद्दीपलीकडे गेलं आहे. त्याचे पुढून-मागून स्वच्छ फोटो पाठवा आणि मूळ बटण इथेच राहू द्या. तसंच किल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात धातुशोधक यंत्र घेऊन जाऊ नका. जमिनीतून काही मिळालंच तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि खबर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची असते.